नेक्रोलॉजी (मठपरंपरा)

नेक्रोलॉजी (लॅटिन: नेक्रोलोगियम) ही कॅथलिक मठांमध्ये ठेवली जाणारी मृत सदस्यांची दिनदर्शिकावजा नोंदवही होय. तीत मठवासीयांची नावे मृत्यूच्या वर्षानुसार न लिहिता मृत्यूच्या दिनांकानुसार लिहिली जातात. त्या त्या दिवशी ती नावे मोठ्याने वाचून मृतांसाठी प्रार्थना करणे, हा या नोंदवहीचा मुख्य उद्देश आहे. मध्ययुगीन युरोपातील बेनेडिक्टाईन मठांत, विशेषतः फ्रान्समधील क्ल्यूनी येथे, ही प्रथा पूर्ण विकसित झाली.

पार्श्वभूमी

मृत्यूनंतर आत्म्यास शुद्धीकरणाच्या अवस्थेतून जावे लागते आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्यास साहाय्य होते, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. पोप पहिले ग्रेगरी (मृत्यू इ.स. ६०४) यांच्या 'संवाद' या ग्रंथात जुस्तुस नावाच्या भिक्षूची कथा येते. त्याने नियमाविरुद्ध तीन सुवर्णनाणी लपवून ठेवली होती. त्यामुळे त्याचे दफन इतरांसोबत झाले नाही. परंतु पुढे सलग तीस दिवस त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करण्यात आली. 'ग्रेगरीय तीस मिस्सा' ही प्रथा या कथेशी जोडली जाते.

इ.स. ७६२ च्या सुमारास आत्तिन्यी येथे जमलेल्या ४४ बिशप व मठाधिपतींनी परस्परांशी करार केला. त्यांच्यापैकी कोणी मरण पावल्यास त्याच्यासाठी प्रत्येकाने शंभर मिस्सा व शंभर वेळा संपूर्ण स्तोत्रसंहितेचे पठण करवून घ्यावे, असे ठरले. अशा प्रार्थनाबंधुत्वांतून नावांच्या मोठ्या याद्या तयार झाल्या. इ.स. ८२४ च्या सुमारास सुरू झालेल्या रायशेनाऊ मठाच्या बंधुत्वग्रंथात सुमारे ३८,००० नावे आहेत.

स्वरूप व वाचन

सकाळच्या 'प्राइम' या प्रार्थनेनंतर मठवासी सभागृहात एकत्र येत. तेथे त्या दिवसाचे संत, संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतील एक प्रकरण आणि त्या दिनांकास दिवंगत झालेल्यांची नावे वाचली जात. नोंदी अत्यंत संक्षिप्त असत: नाव आणि फार तर पद वा मठ. स्मरण दरवर्षी त्याच दिवशी व्हावयाचे असल्याने वर्ष नोंदविण्याची गरज नसे. प्रसिद्ध मठाधिपती आणि सामान्य भिक्षू यांची नावे एकाच पानावर येत.

अन्य मठांना निधनवार्ता कळविण्यासाठी चर्मपत्राची गुंडाळी घेऊन दूत पाठविला जाई. प्रत्येक मठ तीवर प्रार्थनेचे आश्वासन लिहून देई व अनेकदा आपल्या मृतांची नावेही जोडी. कार्थुसियन परंपरेचे संस्थापक संत ब्रुनो यांच्या निधनानंतर (इ.स. ११०१) फिरविलेल्या गुंडाळीवर १७८ मजकूर नोंदविले गेले.

क्ल्यूनी आणि मृतांचा वाटा

क्ल्यूनीचे मठाधिपती ओदिलो (कार्यकाळ इ.स. ९९४–१०४९) यांनी आपल्या अखत्यारीतील मठांत २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस म्हणून लावून दिला. पुढे तो पाश्चात्त्य चर्चमध्ये सर्वत्र रूढ झाला. महाराष्ट्रातील वसई परिसरातील व गोव्यातील कॅथलिक समाजही या दिवशी दफनभूमीत फुले वाहून, मेणबत्त्या लावून आप्तांसाठी प्रार्थना करतो.

क्ल्यूनीमध्ये स्मरण केवळ नामोच्चारापुरते मर्यादित नव्हते. मृत भिक्षूच्या वाट्याचे अन्न त्याच्या नावे गरिबास दिले जाई आणि हे दान दरवर्षी पुण्यतिथीस पुन्हा घडे. नोंदवहीतून नाव कधीच वगळले जात नसल्याने वाटे वाढत गेले, मठाचे उत्पन्न मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. मठाधिपती पीटर द व्हेनरेबल (कार्यकाळ इ.स. ११२२–११५६) यांच्या काळात मठ आर्थिक अडचणीत होता. मृतांमुळे जिवंतांनाच बाहेर पडावे लागू नये, या विचाराने त्यांनी असे वाटे दिवसाला पन्नासपर्यंत मर्यादित केले. ही मर्यादाही वर्षाकाठी सुमारे १८,००० जेवणांइतकी होते. नावांचे वाचन थांबविण्यात आले नाही; मर्यादा केवळ अन्नदानास लागू झाली.

ऐतिहासिक महत्त्व

क्ल्यूनीची स्वतःची नोंदवही आज उपलब्ध नाही. मात्र तिच्याशी संलग्न मठांच्या नोंदवह्यांत तीच नावे त्याच दिनांकांस आढळतात. जर्मन इतिहासकार योआखिम वोलाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नोंदवह्यांचा तौलनिक संग्रह इ.स. १९८२ मध्ये प्रकाशित केला. वर्षाच्या अभावामुळे व्यक्तींची ओळख पटविणे कठीण असले, तरी अन्यत्र कोठेही उल्लेख नसलेल्या हजारो मठवासीयांचा हाच एकमेव लिखित पुरावा आहे.

सद्यःस्थिती

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इ.स. १९६३ मध्ये 'प्राइम' ही प्रार्थना रद्द केली, तरी मृतांच्या नावांचे वाचन अनेक धर्मसंघांत टिकून आहे. ते सामुदायिक प्रार्थनेच्या वा भोजनाच्या वेळी होते. याउलट कार्थुसियन मठांत थडग्यावर नाव नसलेला साधा लाकडी क्रूस उभारण्याची प्रथा आहे.