बंद साच्यांच्या शेडमध्ये गाडीचे इंजिन

मालेगावातील आमच्या शेडमध्ये आठ साचे होते. २०२३ च्या पावसाळ्यानंतर ते आम्ही विकले. सुताचा भाव, विजेचे बिल आणि पाली-बालोतऱ्याकडून उशिरा येणारा पैसा यांचा मेळ बसेना, हे आमच्या व्यापारी बांधवांना वेगळे सांगावयास नको. शेड रिकामी झाली तशी एका सूतवाल्याने गोदामासाठी महिना चौदा हजार भाडे देऊ केले. त्याच आठवड्यात आमच्या मरहूम धाकट्या भावाचा मुलगा दुकानावर आला आणि म्हणाला, "बडे अब्बा, शेड मला द्या. गॅरेज टाकतो."

मुलगा आयटीआयचा मोटार मेकॅनिक. दोन वर्षे नाशिकला दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काम केलेला. पण नोकरी करणे वेगळे आणि आपल्या नावाची पाटी लावणे वेगळे. चौदा हजारांचे बांधलेले भाडे सोडून हुनरवर पैसा लावायचा, तर हुनर आहे की नाही हे आधी बघितले पाहिजे. आम्ही अट घातली. तुझ्या अब्बांची अँबेसेडर अकरा वर्षे अंगणात उभी आहे. ती आपल्या हाताने चालू कर. रमजानच्या आधी ती शेडमधून स्वतःच्या इंजिनावर बाहेर आली तर शेड तुझी, नाही तर सूतवाल्याची. सूतवाल्याकडून आम्ही तेवढ्या मुदतीचे दीड महिन्याचे भाडे बयाणा म्हणून घेऊन ठेवले, ही आमची व्यापाऱ्याची खोड.

गाडी १९७७ सालची, मार्क ३. कोलकात्याजवळच्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात अँबेसेडर १९५८ पासून २०१४ पर्यंत बनली. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी, आणि आमच्या गाडीतले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिनही त्याच घराण्याचे. भाऊ २०१३ साली नाशिकहून परत येताना चांदवडच्या घाटात रेडिएटरचा पाइप फुटला. रात्रीची वेळ होती, पाणी नव्हते, त्याने तशीच गाडी ओढली. इंजिन जॅम झाले. पुढे भाऊच राहिला नाही, मग गाडीकडे कोण बघणार?

पुतण्याने पत्र्यापासून सुरुवात केली. खालचा पत्रा सडलेला, तो कापून नवा वेल्ड केला. दोन दरवाजे धुळ्याच्या एका भंगारातल्या गाडीचे लावले. सीटची खोळ आमच्याच दुकानातल्या जाड कापडाची शिवली. तीन महिन्यांत गाडी गाडीसारखी दिसू लागली, पण बॉनेटखाली खड्डा. जुन्या इंजिनाचे दोन सिलिंडर इतके खरवडले होते आणि ब्लॉकला अशी चीर होती की त्यावर पैसा घालण्यात अर्थ नव्हता.

दुसरे इंजिन कुर्ल्याच्या बाजारातून आणले. आमचे गाव जुन्या यंत्रांवरच उभे आहे. मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले साचे आणून आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यावर संसार केले. तेव्हा जुना माल कसा बघावा हे आम्हाला थोडेफार कळते. मुलाने क्रँक हाताने फिरवून बघितला, कुठे अडकत तर नाही. ऑइलचे झाकण काढून आत दुधासारखा फेस आहे का ते बघितले, कारण तसा फेस असला तर ऑइलमध्ये पाणी गेलेले असते. चारही प्लग काढून त्यांचा रंग बघितला. आम्ही बघितला तो कागद. इंजिन ज्या गाडीतून निघाले तिच्या नोंदणीची नक्कल, रीतसर बिल आणि इंजिनावरचा वाचता येणारा नंबर, या तीन गोष्टींशिवाय कोणीही इंजिन घेऊ नये, मग भाव कितीही कमी असो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्यास आरटीओची परवानगी लागते, आणि नवा नंबर नोंदणीपुस्तकात चढवावा लागतो. पूर्वी पेट्रोलच्या अँबेसेडरमध्ये कुठलेही डिझेल इंजिन बसवून लोक खुशाल फिरत. तो मार्ग आता धरू नये. त्याच कंपनीचे, त्याच जातीचे इंजिन असले म्हणजे अर्ज सरळ जातो. आम्ही अर्ज आधी केला, इंजिन मागून बसवले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये साच्यांच्या वेळची चेन पुली छताच्या गर्डरला लावून इंजिन खाली उतरवले. बसवण्याआधी पुतण्याने चेंबर खोलून साफ केला, नवे ऑइल भरले, टॅपेट पंधरा थाऊवर लावले. त्याची एक सोपी गणती त्याने आम्हाला शिकवली. आठ व्हॉल्व्ह आहेत, तर नऊची बेरीज धरायची. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला लावायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा. हिशेब असा असला की आम्हाला लगेच पटतो. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने बदलला. जुने रबर साध्या पेट्रोलसाठी होते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, ते जुन्या रबराला खाते आणि हवेतले पाणीही ओढते. टाकी धुतली तर तळातून गंजाचा चिखल निघाला.

शुक्रवारी गावचे साचे बंद असतात, म्हणून जुम्याच्या नमाजनंतर इंजिन चालू करायचे ठरले. ही आमची चूक. ज्या कामाचा भरवसा नाही ते लोकांसमोर करू नये. मामू, खालाजान, शेजारची मुले, सूतवालाही आला. सेल्फ मारला तर इंजिन म्हाताऱ्यासारखे कण्हत फिरले, आणि डॅशबोर्डमधून धूर निघाला. चोकची वायर लाल होण्याइतकी तापली होती. इंजिन रबरावर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची जाड पट्टी लागते. ती लावायचीच राहिली होती. वीज आपला रस्ता शोधते. तिने चोकची वायर पकडली. पट्टी लावली, सेल्फ झोकात फिरू लागला. मग कार्बोरेटरमधून फाट् असा आवाज झाला आणि हातभर ज्वाळ वर आली. पुतण्याने ओले पोते शेजारीच ठेवले होते म्हणून निभावले. जुने इंजिन प्रथम चालू करताना ओले पोते किंवा वाळूची बादली जवळ असावी आणि पेट्रोलची उघडी बाटली जवळ नसावी, हे लिहून ठेवावे. सूतवाला हसला नाही, पण जाताना भाड्याची तारीख विचारून गेला.

पुढचे चार दिवस मुलगा नीट जेवला नाही. पेट्रोल येते, ठिणगी पडते, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे. पॉइंटचा गॅप बरोबर. तरी तेच, सेल्फ मारला की फाट्. कार्बोरेटर तीनदा खोलला. कुर्ल्यावाल्याने फसवले असे तो म्हणू लागला. आम्ही म्हटले, "बेटा, माल घेताना आपण बघून घेतला, आता शिव्या देऊन काय होणार?" पण आमच्याही मनात चौदा हजारांचा आकडा फिरू लागला होता, हे कबूल केले पाहिजे.

पाचव्या दिवशी आमचा जुना जॉबर चहाला आला. पंचवीस वर्षे त्याने आमचे साचे लावले. साचे गेले तसे त्याचेही काम गेले. हल्ली तो एका हॉटेलात गल्ल्यावर बसतो. मोटारीला त्याने आयुष्यात पाना लावलेला नाही. तो स्टुलावर बसून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बेटा, हा मारतो कधी?"

"पिस्टन वर आला की ठिणगी पडते, चाचा. खूण बघा, बरोबर लागली आहे."

"पिस्टन किती वेळा वर येतो?"

"दोनदा. एकदा दाबायला, एकदा धूर टाकायला."

"मग खुणेवरून तुला कळते कसे, कितव्यांदा आला ते? साच्याचा क्रँक बघून कोणी सांगेल का, मार डावीकडून येणार की उजवीकडून? त्याला खालचा शाफ्ट बघावा लागतो. तो अर्धाच फिरतो. धोटा या पेटीत आणि मार त्या पेटीत, तर रिकामी काठी आपटते. तुझी रिकामी काठी आपटते आहे. तुझा खालचा शाफ्ट कुठला?"

ज्यांनी साचा चालवला आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल. ज्यांनी नाही त्यांच्यासाठी एवढेच, की साध्या कापडाच्या साच्यात वरचा क्रँक दोनदा फिरतो तेव्हा खालचा शाफ्ट एकदा फिरतो, आणि कोणत्या बाजूने धोट्याला मार द्यायचा ते खालचा शाफ्ट ठरवतो. मोटारीतही तसेच आहे. क्रँक दोनदा, कॅम शाफ्ट एकदा. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅम शाफ्टवरून फिरतो.

पुतण्या गप्प झाला. त्याने पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक फिरवायला लावला. अंगठा हवेने उडाला तिथे क्रँक थांबवला, म्हणजे पहिला सिलिंडर दाबावर. खात्रीसाठी चौथ्याचे व्हॉल्व्ह बघितले. दोन्ही एकमेकांना झोका देत होते, तसेच पाहिजेत. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. आतला रोटर पहिल्या वायरीकडे नव्हता, बरोबर समोरच्या चौथ्या वायरीकडे होता. मुलाने पुस्तकातल्या चित्राप्रमाणे वायरी लावल्या होत्या, रोटर बघितलाच नव्हता. धूर टाकण्याच्या वेळी, जेव्हा आत येण्याचा व्हॉल्व्ह उघडू लागतो, तेव्हा ठिणगी पडत होती आणि आग कार्बोरेटरच्या वाटेने परत येत होती.

असे का झाले? या इंजिनात डिस्ट्रिब्युटर स्वतः उलटा बसत नाही, कारण त्याच्या खालची खाच एका बाजूला सरकलेली असते. पण ज्या छोट्या दांड्यावर तो बसतो तो दांडा, इंजिन खोलून जोडताना, अर्धा फेरा चुकून बसवता येतो. आमच्या इंजिनात तो कोणीतरी तसा बसवला होता आणि वायरी उलट लावून काम भागवले होते. विकताना वायरी काढल्या, तशी ती गोष्टही निघून गेली. म्हणजे कुर्ल्यावाल्याने चालू इंजिनच दिले होते. आम्ही त्याला मनातल्या मनात जे म्हटले ते परत घेतले.

आता दोन रस्ते होते. वायरींची जागा बदलायची, एकची चारशी आणि दोनची तीनशी, की पाच मिनिटांत काम फत्ते. जॉबरचे मत तेच होते. पुतण्या म्हणाला, "नाही चाचा, पुढच्या मेकॅनिकला पुन्हा हेच चार दिवस लागतील." त्याने डिस्ट्रिब्युटर काढला, त्याखालची कडी एका स्क्रूची होती ती काढली, दांड्याच्या आट्यांत पाच-सोळांश इंची बोल्ट फिरवून दांडा वर ओढला आणि अर्धा फेरा फिरवून परत बसवला. दीड तास गेला. आमच्या लेखी गॅरेजचा फैसला त्या दीड तासातच झाला होता, पण आम्ही बोललो नाही.

प्लग काढून आधी नुसता सेल्फ मारला, ऑइलच्या काट्याने दाब दाखवेपर्यंत. मग प्लग लावले. या वेळी शेडमध्ये आम्ही तिघेच. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागले. प्रथम तीन सिलिंडरवर, मग चौथाही आला आणि आवाज एकसारखा झाला. जॉबर डोळे मिटून ऐकत होता. आम्हाला भावाची आठवण आली, ती इथे लिहिण्याची गोष्ट नाही. पाच मिनिटांनी ब्लॉकच्या बगलेतून पाण्याची पिचकारी उडाली, पत्र्याचा एक वेल्च प्लग गंजून गेला होता. इंजिन बंद. एक गेला म्हणजे बाकीचेही जाणार, म्हणून सगळे बदलले, त्यात आणखी दोन दिवस. रमजानला पुरते दोन आठवडे बाकी असताना गाडी शेडमधून बाहेर आली आणि मोसम पुलापर्यंत जाऊन परत आली.

हिशेब असा. इंजिन २२ हजार, वाहतूक साडेतीन हजार, गॅस्केट, पाइप, प्लग, ऑइल वगैरे ९,४००, क्लच प्लेट २,८००, पत्रा आणि रंग ३१ हजार. एकूण ६८,७०० रुपये. पंधरा वर्षांपुढील मोटारीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार झाली, आणि आमची नोंदणी कधीच संपलेली असल्याने उशिराचे पैसेही लागले, ते वेगळे. यात मुलाची पाच महिन्यांची मजुरी धरलेली नाही. आम्ही ती धरायला लावली, तेव्हा आकडा दुपटीच्या पुढे गेला आणि त्याचा चेहरा उतरला. पण आमच्या साच्यांच्या धंद्यात घरच्या माणसांची मजुरी कोणी कधी धरली नाही आणि नफा होतो असे समजत राहिलो. गॅरेजच्या वहीत पहिल्या पानावर ती लिहिली पाहिजे, अशी दुसरी अट आम्ही घातली.

सूतवाल्याला बयाणा परत केला. तो नाराज झाला, पण त्याची जुनी जीप धूर फार टाकते म्हणाला. जॉबर सकाळी हॉटेलात असतो आणि दुपारी शेडमध्ये येतो. त्याची मजुरी वहीत लिहिली जाते. या महिन्यात शेडमध्ये दोन गाड्या उभ्या आहेत. एक सूतवाल्याची जीप, तिचे निम्मे पैसे आगाऊ मिळाले. दुसरी मामूंची फियाट आहे, आणि तिच्या पैशाचा विषय अजून कोणी काढलेला नाही.