रोज दहा मिनिटांची शांतता: मुराकबा घरीच कसा सुरू कराल?

पावसाळ्यातला रविवार आला की पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे गाड्यांची रांग लागते. मुळशीचं पाणी, धुकं, धबधबे! शांतता शोधायला निघालेली माणसं हॉर्न आणि स्पीकरच्या गर्दीत अडकतात. सोमवारी घरात पुन्हा तोच ताण, तीच चिडचिड. मग ही शांतता रोज, घरातच मिळवता येईल का?

आपल्या परंपरेत याचं उत्तर आहे. पहिली वही उतरण्याआधी हजरत मुहम्मद (स.) मक्केजवळच्या हिरा गुहेत एकांतात बसत. कुरआनमधील सूरह आराफची 205 वी आयत रबचं स्मरण मनातल्या मनात, नम्रपणे, आवाज न चढवता करायला सांगते. नक्शबंदी सूफी मूक जिक्रला, म्हणजे जिक्र-ए-खफीला, याच आयतीचा आधार देतात. दिल अल्लाहकडे लावून शांत बसणं म्हणजे मुराकबा.

ही परंपरा महाराष्ट्रातही रुजली. औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की आपण सहलीत पाहतो. ती बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या दर्ग्याच्या आवारात आहे. ते बुखाराच्या परिसरातून दख्खनमध्ये आले. त्याच परिसरातले ख्वाजा अब्दुल खालिक गिजदुवानी यांच्या नावाने नक्शबंदींची काही तत्त्वं सांगितली जातात. त्यातली दोन आपल्या रोजच्या कामाची आहेत. 'होश दर दम' म्हणजे प्रत्येक श्वासाचं भान. 'खलवत दर अंजुमन' म्हणजे माणसांच्या गर्दीत राहूनही मनाने एकांतात असणं. म्हणजे त्यासाठी घाट चढायलाच हवा असं नाही!

सुरुवात सोपी आहे. फजरनंतर मुसल्ल्यावरून लगेच उठू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पाठ ताठ, खांदे सैल. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालेल. श्वास सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा. श्वास लांबवत सोडला की हृदयाची धडधड मंदावते, शरीर सैलावतं. प्रत्येक श्वासाबरोबर मनात 'अल्लाह' म्हणा, जीभ हलवू नका. पहिला आठवडा पाचच मिनिटं, मग दहा.

मन भटकणारच. डबा, हप्ता, मुलांची फी, सगळं आठवेल. चिडू नका, पुन्हा श्वासाकडे या. हे परत येणं हाच खरा सराव आहे, बरं का.

दोन गोष्टी लक्षात ठेवू. मुराकबा नमाजची जागा घेत नाही. आणि सतत उदासी, घबराट किंवा झोप उडणं असेल, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नये.

थोडं असलं तरी नेमाने केलेलं काम अल्लाहला जास्त आवडतं, असं हदीसमध्ये आहे. अम्मी-अब्बा रोज दहा मिनिटं फोनशिवाय बसलेले दिसले, तर मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. आपण उद्याच्या फजरपासूनच सुरुवात करू या.