डोकेदुखीचं कारण टीव्हीखालच्या डब्यात

दहावीतल्या एका मुलाला घेऊन त्याचे आईवडील यावलच्या ओपीडीत आले. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन महिन्यांपासून डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, सकाळी उठवता उठत नाही, बोललं की अंगावर येतो. चाचणी परीक्षेत गुणही घसरलेले. आईला मेंदूच्या स्कॅनची चिठ्ठी हवी होती.

तपासणीत काही निघालं नाही. रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन ठीक, चष्म्याचा नंबरही बदललेला नव्हता. ‘‘झोपतोस कधी?’’ असं विचारल्यावर त्यानं ‘‘अकराला’’ असं सांगितलं आणि आईनं मान डोलावली. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले वडील बोलले. ‘‘साहेब, रात्रीची लाईट असली की मी केळीला पाणी भरायला जातो. परत येतो तेव्हा वरच्या खोलीत उजेड असतो. मला वाटायचं, पोरगा अभ्यास करतोय.’’

पुण्याच्या मामांनी दिवाळीत गेम खेळायचं यंत्र भेट दिलं होतं. ते टीव्हीला जोडलेलं. मुलाशी जरा गप्पा मारल्यावर तो खुलला आणि आपल्या खेळाच्या चित्रफिती मोबाईलवर अभिमानानं दाखवू लागला. खेळात तो खरोखर तरबेज होता. माझं लक्ष मात्र प्रत्येक चित्रफितीखालच्या वेळेकडे होतं. बारा चाळीस, पावणेदोन, दोन वाजून दहा मिनिटं. मी ती यादी फक्त आईवडिलांसमोर धरली. स्कॅनचा विषय तिथंच संपला.

हे यंत्र चालतं कसं, ते पालकांनी समजून घ्यायला हवं. तुम्ही खेळत असता तेव्हा ते मागच्या मागे सतत चित्रण करत असतं आणि जुनं पुसून नवं साठवत असतं. प्लेस्टेशन ४ मध्ये सेटिंग बदललं नाही तर शेवटची १५ मिनिटं साठतात; बदललं तर त्यात आणि प्लेस्टेशन ५ मध्येही शेवटचा तासभर साठवायची सोय आहे. छान डाव झाला की एक बटण दाबायचं, तो जपला जातो. तोच खेळ इंटरनेटवरून थेट लोकांना दाखवताही येतो. त्याच यंत्रावर सिनेमे आणि मालिकाही दिसतात. म्हणजे मैदान, कॅमेरा आणि थिएटर, सगळं एका डब्यात.

डॉक्टर म्हणून मला इथं दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, पाहणारे आले की थांबणं अवघड होतं. एकट्यानं खेळणारा कंटाळून उठतो. पण कुणी बघतंय, कुणी ‘भारी’ म्हणतंय, तर मेंदूला बक्षिसाची आस लागते. आज दहा जणांनी पाहिलं, उद्या वीस पाहतील का, या अनिश्चिततेत ओढ अधिक असते. दुसरी गोष्ट मालिकांची. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ मध्ये बोलून दाखवलं होतं की, आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. धंदा करणाऱ्याला जे उमगलं, ते आपल्यालाही उमगायला हवं.

झोप म्हणजे आळस नव्हे. दिवसा वाचलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळ मुळातच थोडं पुढं सरकलेलं असतं, रात्री लवकर झोप येत नाही. त्यात डोळ्यांसमोर झगझगीत पडदा आला की झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन कमी होतं, आणि अटीतटीच्या डावामुळे छातीची धडधड वाढते ती वेगळीच. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. अपुरी झोप, वाकलेली मान आणि कोरडे डोळे यांची बेरीज म्हणजे ती डोकेदुखी.

मग हे व्यसन आहे का? पालक हा शब्द फार लवकर वापरतात. जागतिक आरोग्य परिषदेनं मे २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, आणि नुकसान दिसूनही खेळत राहणं. हे सहसा बारा महिने चाललेलं असावं लागतं आणि त्यानं शिक्षण, घर, मैत्री विस्कटलेली असावी लागते. आमचा हा मुलगा त्यात बसत नव्हता. त्याची झोप हरवली होती, इतकंच. पण तिकडं जाणारी वाट हीच असते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक रीत पाडली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं बोलत बसतात. मला त्यातली खरी गोष्ट वाटते ती ही की, नियम मुलांपुरता नाही, तो सगळ्या गावाला आहे.

आम्हीही तेच केलं. त्या घरात खालच्या मजल्यावर बारापर्यंत मालिका चालायची, हे बोलता बोलता निघालंच! मग ठरलं ते असं. यंत्र वरच्या खोलीतून बैठकीत आणायचं. शाळेच्या दिवशी एक तास, सुट्टीला दोन. रात्री साडेनऊला घरातले सगळे पडदे बंद, आजोबांच्या बातम्यांसकट. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची. यंत्रातली पालकांसाठीची वेळमर्यादा लावायची. थेट प्रक्षेपण असेल तर माईक बंद, कारण घरातलं भांडणही जगाला ऐकू जातं. आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत मैदानावर; उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत चष्म्याचं प्रमाण कमी आढळतं.

एक मात्र करू नका. रागाच्या भरात यंत्र फोडू नका किंवा एका रात्रीत हिसकावून घेऊ नका. मूल खोटं बोलायला शिकेल, थांबायला नाही. जेवणं सुटली, शाळा सुटली, मारहाणीवर आलं किंवा जीव देण्याची भाषा निघाली, तर वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो. लखलखत्या चित्रांनी काही मुलांना झटकाही येऊ शकतो. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटानं शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. फिट्स येणारं मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, खोलीत दिवा ठेवा आणि टीव्हीपासून लांब बसवा.

सहा आठवड्यांनी तो मुलगा पुन्हा आला. डोकेदुखी महिनाभरात दोनदाच झाली होती. मला दाखवायला एक नवी चित्रफीत आणली होती. मी डाव बघितला, मग सवयीनं खालची वेळ बघितली. संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं. ‘‘हे चाललं,’’ मी म्हणालो. वडील हसून म्हणाले, ‘‘आता रात्री पाणी भरून येतो तेव्हा वर अंधार असतो, साहेब. बरं वाटतं.’’