शिकार : हौस कोणाची, गुन्हा कोणाचा?

हरणाची शिकार बंदुकीने करावी की धनुष्यबाणाने, हा प्रश्न कोणाला पडतो? ज्याला दोन्ही परवडतात त्याला. निवड करणे हीसुद्धा एक मिरासदारी आहे.

मी खडकवासल्याला शिक्षक आहे. धरणाच्या वरच्या अंगाला, पानशेत-वेल्ह्याकडच्या डोंगरांत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तीरकमठा हे त्यांचे पिढीजात हत्यार. तिथल्या एका म्हाताऱ्याला मी विचारले, "बाबा, तुम्ही तीरच का वापरायचा?" तो म्हणाला, "दुसरं होतं काय?"

अमेरिकेत याच प्रश्नाचे उत्तर वेगळे मिळते. तिथे विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली हरणांसाठी बाणाचा वेगळा हंगाम सुरू केला. गोळी शेकडो मीटर जाते. बाणासाठी हरणाच्या वीस-तीस मीटर जवळ जावे लागते. वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते, तासन्‌तास निश्चल बसावे लागते. बाण लागलेले हरीण रक्तस्रावाने मरते, म्हणून थांबून त्याचा माग काढावा लागतो. ही अवघड वाट तिथला हौशी शिकारी आपणहून पत्करतो आणि त्यात सन्मान मानतो.

पण ही विद्या त्याच्याकडे आली कोठून? १९११ साली कॅलिफोर्नियातील ‘याही’ या आदिवासी जमातीचा अखेरचा माणूस रानाबाहेर आला. त्याची जमात गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तली करून संपवली होती. आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे त्याने स्वतःचे नाव कधीच सांगितले नाही. लोक त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’. त्याला विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवले. तो तिथे झाडलोट करी आणि लोक त्याला बाणाची पाती घडवताना पाहायला येत. तिथल्याच इस्पितळातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. इशी १९१६ साली क्षयाने मेला. पोप यांनी १९२३ साली धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. १९६१ साली अमेरिकेतल्या तिरंदाज शिकाऱ्यांची मोठी संस्था निघाली, तिला पोप आणि त्यांचे सोबती यंग यांचे नाव मिळाले. संस्थेच्या नावात गुरूचे नाव नाही. एकलव्याचा अंगठा गुरूने घेतला. इथे शिष्याच्या समाजाने गुरूची अख्खी जमात आधीच घेतली होती.

आपल्याकडे काय झाले? कोल्हापूरसारख्या संस्थानांत पाळीव चित्ते सोडून काळविटे मारली जात, ते राजवैभव ठरले. त्याच काळविटासाठी फासा लावणारा फासेपारधी मात्र गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरला. १८७१ च्या या कायद्याची कक्षा १९११ साली देशभर वाढली. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात हजेरी बंद केली. पण देशातून हा कायदा जायला १९५२ साल उजाडले. कपाळावरचा शिक्का मात्र पुसला गेला नाही.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही परवाना काढून शिकार करण्याची वाट ठेवलेली होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. परवान्याला अर्ज लागे, फी लागे. वाडीतल्या वा पालातल्या माणसाकडे ती कोठून येणार? आदिवासींना जंगलावरचे हक्क देणाऱ्या २००६ च्या कायद्यानेही पारंपरिक शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

शिकार पुन्हा खुली करा, असे माझे म्हणणे नाही. हरीण जगलेच पाहिजे. माझा प्रश्न माणसाचा आहे. हौसेने मारणाऱ्याची कीर्ती भिंतीवरच्या शिंगांत टिकली. पोटासाठी मारणाऱ्याची नोंद पोलीस ठाण्यात झाली. ज्यांच्या हातातून फासा आणि तीरकमठा काढून घेतला, त्या हातांत आपण जमीन दिली का? पुस्तक दिले का? ‘दुसरं होतं काय?’ असे म्हणण्याची वेळ त्यांच्या नातवंडांवर येऊ न देणे, हे आपल्या चळवळीचे काम आहे. एकलव्याच्या अंगठ्यावर कविता पुष्कळ झाल्या. आता वाडीवरच्या पोरांची नावे शाळेच्या पटावर किती आहेत, ते मोजायला हवे.