सिसिलियनमधला सायबेरियन सापळा

रविवारच्या रेटिंग स्पर्धेत मला काळी मोहरी आली. समोर शाळकरी पोरगा. त्याच्या ई४ ला माझं सी५, म्हणजे सिसिलियन. त्याने स्मिथ-मोरा गँबिटचं प्यादं देऊ केलं, मी खाल्लं. आठव्या चालीला चित्र असं: त्याचा वजीर ई२ वर, माझा सी७ वर, घोडा जी४ वर. घोड्याला हुसकवायला त्याने एच३ खेळून घड्याळ दाबलं. मी दुसरा घोडा डी४ वर ठेवला! वजिरावर हल्ला, आणि त्याच्या एफ३ च्या घोड्याने माझा घोडा मारला, तर माझा वजीर थेट एच२ वर, मात! अर्थात त्याचा वजीर गेला. (पोरगं हसलं, मला मात्र वाईट वाटलं.) १९९० साली बुडापेस्टमध्ये बुद्धिबळपटू मागेरामोव यांनीही याच सापळ्यात सावज पकडलं होतं. पांढऱ्याकडून खेळणाऱ्यांनो, एच३ ऐवजी घोडा बी५ खेळा.