गाडीतली दुसरी बॅटरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुडाळला महामार्ग सोडला की नेरूरमार्गे वालावल अर्ध्या तासाच्या आत येतं. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याला लागून तलाव, पलीकडे कर्ली नदीची खाडी आणि सगळीकडे माड-पोफळींची गर्द सावली. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच झोपायची सोय करून निघणारी कुटुंबं आता कोकणात नवलाची राहिलेली नाहीत. गाडीत लहान फ्रीज आला, पंखा आला, म्हणजे दुसरी बॅटरीही आली. ती चार्ज कशी करायची याबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच फार चालतात, आणि त्यांच्या भरवशावर लोक चाळीस-पन्नास हजार रुपये घालतात.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज म्हणजे मोठी बॅटरी घेतली की प्रश्न मिटला. हिशेब करून पाहू. चाळीस लिटरचा फ्रीज चालू असताना साधारण साडेचार अँपिअर ओढतो. कोकणातल्या उकाड्यात त्याचा कॉम्प्रेसर दिवसातला निम्मा वेळ चालतो असं धरा. म्हणजे चोवीस तासांत पन्नासेक अँपिअर-अवर गेले. रात्रभर पंखा, दिवे, मोबाइल धरले की आकडा सत्तरच्या घरात जातो. आता भरणा बघा. पुण्याहून आठ-नऊ तास गाडी चालवत आलात, तर बॅटरी काठोकाठ भरलेली असेल. पण वालावलला मुक्काम टाकल्यावर गाडी चालते किती? कुडाळच्या बाजारात जाऊन परत आलात तर जेमतेम तासभर. इंजिनावर चालणारा 30 अँपिअरचा चार्जर त्या तासात फार तर 30 अँपिअर-अवर देईल. रोज सत्तर खर्च आणि तीस जमा, म्हणजे चाळीसची तूट. शंभरऐवजी दोनशेची बॅटरी घेतलीत तर ही तूट दोन-तीन दिवस उशिरा जाणवेल, एवढंच. त्यातही साधी लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलात तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. शंभरातले पन्नासच आपले. लिथियम आयर्न फॉस्फेटची (थोडक्यात लिथियम फॉस्फेटची) बॅटरी ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते. म्हणून बॅटरीच्या आकड्याआधी इंजिन रोज किती वेळ चालणार ते ठरवायचं, आणि त्यावरून चार्जर निवडायचा. बॅटरीचा विचार त्यानंतर.

"एक रिले टाका, दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातील, काम झालं" हा सल्ला गॅरेजात अजून सर्रास मिळतो. जुन्या गाड्यांसाठी तो चुकीचा नव्हता. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज 13.3च्या वर गेलं की रिले लागायचा. इंजिन बंद होऊन ते 12.8च्या खाली आलं की सुटायचा. त्यामुळे रात्रभर फ्रीज चालला तरी सेल्फची, म्हणजे इंजिन सुरू करणारी मुख्य बॅटरी सकाळी शाबूत राहायची. पण 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि इंधन वाचवण्यासाठी बऱ्याच नव्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे बोलीतला डायनॅमो, संगणकाच्या हुकमाने चालू लागला. मुख्य बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो. ब्रेक दाबला, उतार लागला की एकदम वर नेतो. अशा गाडीत रिले लागतो-सुटतो, लागतो-सुटतो, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत दुसरी बॅटरी अर्धवटच भरलेली राहते. दोन डायोडचा जुना आयसोलेटर तर अर्धा-पाऊण व्होल्ट स्वतःच खातो. इथे डीसी-टू-डीसी चार्जरच हवा. तो आत येणारं व्होल्टेज कमी-जास्त असलं तरी बाहेर बॅटरीला हवं तेवढंच देतो, लिथियमला साधारण 14.2 ते 14.6.

आपली गाडी कुठल्या जातीची हे दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर सांगतो. गाडी वीस मिनिटं चालवून आणा, इंजिन चालूच ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर सुया टेकवा. आकडा 14च्या आसपास स्थिर असेल तर जुन्या पद्धतीचा अल्टरनेटर. तो 12.6-12.8वर घसरला आणि मोठे दिवे लावताच हलला, तर संगणकाचा. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर क्लॅम्पलाच चिकटलेली लहानशी डबी आणि तिला बारीक वायर दिसली, तर तीही संगणकाच्या अल्टरनेटरचीच खूण समजा: तो करंट मोजणारा सेन्सर आहे. दुसऱ्या बॅटरीची निगेटिव्ह वायर त्या टोकावर जोडायची नाही, गाडीच्या बॉडीला पक्की अर्थ करायची. नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो आणि गाडी नको ते दिवे दाखवू लागते.

अल्टरनेटरवर 120 अँपिअर लिहिलंय म्हणून तेवढे मिळतात, हेही खरं नाही. तो आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा. इंजिन नुसतं गुरगुरत असताना निम्माही मिळणं कठीण, आणि त्यातले काही गाडी स्वतःसाठी घेते. लिथियम बॅटरी थेट किंवा रिलेने जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी उभी असताना अल्टरनेटरच्या पंख्याची हवा अपुरी पडते आणि आतलं वायंडिंग जळू शकतं. डीसी-टू-डीसी चार्जर मात्र करंट मर्यादेत ठेवतो. तरीही बॅटरी भरायला गाडी तासन्‌तास उभ्या-उभ्या चालू ठेवू नका. आत कोणी झोपलेलं असेल तर कधीच नाही, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वायरच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त कंजुषी करतात, आणि मला तीच जास्त धोक्याची वाटते. 30 अँपिअर देणारा चार्जर आत पस्तीसेक ओढतो. इंजिनपासून डिकीपर्यंत पाच मीटर जाताना आणि पाच येताना धरा. 6 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमध्ये एक व्होल्ट वाटेतच जातो, म्हणजे गालिच्याखाली पस्तीस वॉटची उष्णता. 16 स्क्वेअर एमएमच्या केबलमध्ये तोच तोटा 0.4 व्होल्टच्या आत राहतो. वायर बाहेरून जाड दिसते म्हणून फसू नका. टोक सोलून आतलं तांबं बघा. केबलच्या दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, 50-60 अँपिअरचे फ्यूज हवेतच. दोन्ही टोकांना अशासाठी की दोन्हीकडे बॅटरी आहे. मधे कुठे वायर घासली तर करंट दोन्ही बाजूंनी धावतो.

खाडीकाठच्या खारट, दमट हवेत उघड्या तांब्यावर हिरवं बुरशीसारखं पुट लवकर चढतं. थिंबलच्या, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या कडीच्या, तोंडाशी ते दिसलं की आतल्या तारा गेल्याच समजा. कल्हई केलेल्या तांब्याची वायर, थिंबलवर गोंदवाली हीट-श्रिंक नळी आणि टोकांवर पेट्रोलियम जेलीचा हात, एवढी काळजी किनाऱ्यावर पुरते.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत टाकायचा मोह टाळा. ती पन्नास किलोच्या पुढे जाते, घाटात हिंदकळून अॅसिड सांडते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. झोपायच्या बंद जागेत तो नको. लिथियम पेट घेते ही भीती मोबाइलमधल्या जातीवरून आली आहे. लिथियम फॉस्फेट त्यापेक्षा बरीच शांत असते, पण चांगला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, हवा, आणि तिला बॉनेटखालच्या उष्णतेत ठेवायचं नाही. शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करू नये हा नियम लडाखला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

सोलर पॅनेल उत्तम, पण मोकळ्या आकाशाखाली. वालावलला आपण गाडी माडाच्या सावलीत लावणार, आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर झावळीची सावली पडली तरी त्याची वीज निम्म्यापेक्षा खाली येऊ शकते. पावसाळ्यात तर विचारूच नका.

शेवटचा समज असा की गाडीत राहायचं म्हणजे सगळी वीज गाडीनेच बनवली पाहिजे. दोन-तीन रात्री एका जागी राहणार असाल तर घरगुती प्लगवर चालणारा 20 अँपिअरचा लिथियम चार्जर सोबत ठेवा आणि यजमानांकडे एक सॉकेट मागा. शंभर अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी पाच-सहा तासांत भरते. त्याला वीज लागते सुमारे दीड युनिट. तिचे पैसे आठवणीने द्या.