यीस्टजन्य संसर्गाचे शीघ्र प्रयोगशालेय निदान : वेग आणि अचूकता

पुण्यातील गुलटेकडी येथील मार्केट यार्डात रोज उतरणाऱ्या फळांच्या सालीवर यीस्ट ही एकपेशीय कवके निसर्गतःच असतात. त्यांतील बहुसंख्य जाती माणसाला निरुपद्रवी आहेत. कॅन्डिडा प्रजातीतील काही जाती मात्र निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात व त्वचेवर वास करतात आणि प्रतिकारशक्ती खालावल्यास किंवा शिरेतील नळी दीर्घकाळ राहिल्यास रक्तात शिरतात. अशा रुग्णात उपचारास झालेला विलंब मृत्यूचा धोका वाढवितो. म्हणूनच निदानाच्या वेगास महत्त्व आहे.

रक्तसंवर्धन ही रूढ पद्धत होय. रुग्णाचे रक्त पोषक द्रवात ठेवून यीस्टच्या वाढीची वाट पाहावी लागते. यास साधारणतः २ ते ५ दिवस लागतात आणि खोलवरच्या संसर्गांपैकी सुमारे निम्मे या चाचणीत सापडत नाहीत. बीटा-डी-ग्लुकन चाचणी रक्तरसातील कवकभित्तीचा अंश काही तासांत दाखविते. तथापि तीवरून जाती समजत नाही.

वाढ मिळाल्यानंतर जातीची ओळख पटवावी लागते. मानवी रक्तरसात ३७ अंश सेल्सिअस तापमानास २ ते ३ तास ठेवल्यास कॅन्डिडा आल्बिकन्सच्या पेशींना नळीसारखे अंकुर फुटतात. ही जर्म ट्यूब चाचणी अल्पखर्चाची आहे. प्रथिनांच्या वस्तुमानाचा ठसा घेणारे माल्डी-टॉफ यंत्र हेच काम काही मिनिटांत करते.

जातीचे नाव चुकले तर वेग निरर्थक ठरतो. कॅन्डिडा क्रुसाय ही जाती फ्लुकोनाझोल या नेहमीच्या औषधास मुळातच दाद देत नाही. २००९ साली जपानमधून प्रथम वर्णिलेली कॅन्डिडा ऑरिस बहुधा या औषधास प्रतिरोधक असते आणि रुग्णालयात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते. जुन्या जीवरासायनिक पद्धतींनी तिला अनेकदा कॅन्डिडा हेमुलोनाय असे चुकीचे नाव दिले. माल्डी-टॉफही आपल्या संदर्भसंग्रहात असलेलीच जाती ओळखू शकते.

हा संग्रह केवळ रुग्णालयातील नमुन्यांवर उभारून भागणार नाही. दिल्लीतील अनुराधा चौधरी व सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर भारतातील साठवणुकीच्या काही सफरचंदांवर कॅन्डिडा ऑरिस आढळली. बागेतून ताज्या तोडलेल्या सफरचंदांवर ती नव्हती. फळांवरील कवकनाशकांमुळे प्रतिरोधक यीस्ट टिकून राहत असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. फळ खाल्ल्याने संसर्ग झाल्याचे मात्र या अभ्यासाने दाखविलेले नाही. मार्केट यार्डासारख्या मोठ्या बाजारपेठेतील फळांवरील यीस्टचा अभ्यास या दृष्टीने उपयुक्त ठरेल. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव-संग्रहाचा आधारही त्यासाठी उपलब्ध आहे.

लहान रुग्णालयांनी कवकरोधक औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताचा नमुना घ्यावा आणि वाढ दिसताच त्याच दिवशी जर्म ट्यूब चाचणी करावी. ती नकारात्मक आल्यास निदान पूर्ण झाले असे न मानता नमुना माल्डी-टॉफची सोय असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. अंकुर न फुटणे याचा अर्थ यीस्ट निरुपद्रवी आहे असा नसून, तिची ओळख अद्याप पटलेली नाही एवढाच होतो.